आधी पाय, मग चाके

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले. त्यांचे यजमान ६२ वर्षांचे असून नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. नोकरीच्या पस्तीस वर्षांत या गृहस्थांनी एक स्वप्न मनाशी जपले : इटलीच्या टस्कनी प्रांतातील टेकड्यांमधून, द्राक्षमळे आणि सरूच्या झाडांच्या रांगा पाहत, स्वतः मोटार चालवीत हिंडायचे आणि मग चार दिवस रोम शहरात मुक्काम करायचा. येत्या सप्टेंबरात तो योग जुळून येत आहे. मुलगी आणि सात वर्षांचा नातू सोबत आहेत. बेत असा, की रोमच्या विमानतळावर उतरताच मोटार भाड्याने घ्यायची, थेट टस्कनी गाठायची आणि परतीच्या वाटेवर रोम पाहायचे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की यजमानांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. त्यांनी गाडी चालवावी का? ‘नाही’ म्हटले तर त्यांचे मन मोडेल, आणि ‘हो’ म्हणण्यास जीभ रेटत नाही.

या पत्राला एका शब्दात उत्तर देणे सोपे होते. परंतु ते पुन्हा वाचताना माझे लक्ष मधुमेहापेक्षा बेतातील एका ओळीवर अडखळले : ‘विमानतळावर उतरताच मोटार घ्यायची.’ गाडी कोणी चालवावी याआधी ती कोणत्या दिवशी हाती घ्यावी, हे ठरविले पाहिजे. हे मी वैद्यकाच्या पुस्तकात शिकले नाही, माझ्याच एका चुकीतून शिकले. ती चूक आज प्रथमच लिहीत आहे.

ओर्व्हिएतोच्या अलीकडे

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि माझे पती नेमक्या याच बेताने इटलीला गेलो होतो. आदल्या दिवशी सकाळी सहाला उठून मी दवाखाना उरकला, दुपारी नाशिकहून निघून आम्ही मुंबई गाठली. विमान पहाटे चारचे. आखातात विमान बदलून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरलो, तेव्हा तेथे दुपारचा एक वाजला होता. रोममधील एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते म्हणून आम्ही लगेच मोटार घेतली आणि उत्तरेकडे निघालो. टस्कनीच्या दक्षिण भागात पोहोचायला जेमतेम अडीच तास लागणार होते. नाशिक-मुंबई अंतर ज्यांनी शेकडो वेळा कापले आहे, त्यांना अडीच तासांचे काय?

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणारा द्रुतगती मार्ग सरळ आणि गुळगुळीत आहे. चारच्या सुमारास, कड्यावर वसलेले ओर्व्हिएतो गाव दिसण्याच्या थोडे अलीकडे, आमची गाडी अगदी सावकाश उजवीकडे सरकू लागली. मी नकाशात पाहत होते. कडेच्या रेषेवरील खाचांवरून चाक जाताच कर्कश खरखराट झाला, पतींनी चाक सावरले आणि मागून येणारा एक मालट्रक भोंगा वाजवीत शेजारून निघून गेला. घडले ते एवढेच. पुढच्या विश्रांतिस्थळी आम्ही थांबलो. “मला झोप लागली नव्हती,” ते ठामपणे म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. अतिश्रमाने मेंदू दोन-तीन सेकंदांसाठी अक्षरशः बंद पडतो. डोळे उघडे असले तरीही. या क्षणिक झोपेची जाणीव त्या माणसाला बहुधा होतच नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते. तीन सेकंदांत नव्वद मीटर, आणि तेवढा वेळ चाकामागे कोणीच नाही.

कॉफीचा पेला हातात घेऊन मी हिशेब मांडला. सदतीस तासांत आम्हा दोघांना मिळून-मिसळून दोन तासांची डुलकी मिळाली होती. आणि मग मला ती गोळी आठवली. पतींना सर्दी झाली होती. विमानात नाक मोकळे व्हावे म्हणून मी माझ्या पिशवीतून सर्दीची एक गोळी त्यांना दिली होती. तिच्यात क्लोरफेनिरामिन असते. हे औषध घेतल्यावर वाहन चालवू नका, असे मी दवाखान्यात रोज किमान दोन रुग्णांना सांगते. त्या दिवशी मात्र मीच गोळी दिली आणि मीच त्यांच्या शेजारी निर्धास्त बसले. उरलेला रस्ता अंधार पडण्यापूर्वी, दर अर्ध्या तासाला थांबत आम्ही पार केला. गोळीबद्दल मी अवाक्षर काढले नाही.

शरीराचे घड्याळ आणि कायद्याची रेषा

उन्हाळी वेळापत्रकात इटलीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. हिवाळ्यात साडेचार तास. हा फरक अमेरिकेच्या मानाने किरकोळ म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. पण तेथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, कारण घरी त्या वेळी साडेसहा झालेले असतात. पहिले दोन-तीन दिवस हा गोंधळ स्वाभाविक आहे. त्यात आदल्या रात्रीचे जागरण मिसळले, की गाडी चालविण्याच्या दृष्टीने तो घातक ठरतो.

ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतरा तास सलग जागलेल्या निरोगी माणसाची हातचलाखी व अवधान यांची घसरण त्यांनी मोजली. ती रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाच्या घसरणीएवढी भरली. इटलीच्या कायद्याने वाहनचालकासाठी मद्याची जी कमाल मर्यादा घातली आहे, तीही नेमकी हीच : एक लिटर रक्तात अर्धा ग्रॅम. म्हणजे ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नाही, असा आपला निवृत्त गृहस्थ विमानातून उतरून थेट चाकामागे बसतो, तेव्हा त्याची अवस्था कायद्याने गुन्हेगार ठरणाऱ्या चालकापेक्षा बरी नसते. फरक एवढाच, की थकवा कोणत्याही नळीत फुंकर घालून मोजता येत नाही.

चाळिशीनंतर वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी आम्हा डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. सही करण्यापूर्वी आम्ही डोळे तपासतो, फिट येते का हे विचारतो. झोपेविषयी मात्र क्वचितच विचारतो. म्हणून पत्रलेखिकेला माझा पहिला प्रश्न असा : यजमान रात्री मोठ्याने घोरतात का? घोरताना श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो का? दुपारी वर्तमानपत्र हातात असतानाच पेंगतात का? उत्तर होकारार्थी असेल, तर निद्राश्वसनरोधाची तपासणी सप्टेंबरपूर्वी करून घ्या. तिच्याबरोबर डोळ्यांचा मागचा पडदाही तपासून घ्या. दहा वर्षांच्या मधुमेहात ते एरवीही आवश्यकच आहे.

पहिले चार दिवस पायांचे

माझी सूचना साधी आहे : बेत उलटा करा. रोम शेवटी न ठेवता आरंभी ठेवा. शहरात गाडीची गरज नसते, किंबहुना ती अडचणच असते. फ्युमिचिनोहून मध्यवर्ती तेर्मिनी स्थानकापर्यंत जाणारी विनाथांबा रेल्वे ३२ मिनिटांत पोहोचविते. चार मुक्कामांत शरीराचे घड्याळ जुळते, आणि तेही औषधाविना.

पश्चिमेकडे प्रवास केल्यावर शरीराला दिवस लांबवायचा असतो. यासाठी मावळतीचा प्रकाश उपयोगी पडतो. सप्टेंबरच्या मध्यास रोममध्ये सूर्य सातच्या पुढे मावळतो. पहिल्या दोन दिवशी दुपारी हॉटेलवर पडून राहण्याचा मोह आवरा. वीस मिनिटांच्या डुलकीपेक्षा अधिक झोपू नका. संध्याकाळ बाहेर, उघड्यावर काढा आणि स्थानिक वेळेनुसार दहाच्या सुमारास झोपा. तिसऱ्या रात्री बहुतेकांना सलग झोप लागते. झोपेच्या गोळ्या विमानात मुळीच नकोत. त्यांच्या गुंगीत माणूस तासन्‌तास हालचालीविना बसतो, आणि चार तासांहून अधिक काळच्या बैठ्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासा-दोन तासांनी उठून चार पावले चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली करा, पाणी पीत राहा. पूर्वी अशी गुठळी झालेल्यांनी अथवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नये.

रोम हे पायी पाहण्याचे शहर आहे. मात्र तेथील जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी आहे. ती दिसते सुंदर, पण गुडघ्यांची आणि घोट्यांची परीक्षा पाहते. नवे बूट तेथे प्रथम घालू नका. निघण्यापूर्वी महिनाभर तेच बूट घालून रोज चाला. मधुमेहात पायाला बधिरपणा असेल तर रात्री पायमोजे काढून तळवे पाहण्याचे काम घरातील दुसऱ्याने करावे. फोड आलेला रुग्णाला कळतच नाही. सेंट पीटर्सच्या घुमटावर जाण्यास ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० पायऱ्या उरतातच. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि तेथे लिफ्ट नाही. अर्ध्या वाटेवरून परतणे अवघड असते. ज्यांना तीन जिने चढताना धाप लागते, त्यांनी हे घुमट खालूनच पाहावेत. ते खालूनही तितकेच भव्य दिसतात.

पाण्याची मात्र चिंता नको. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार ओतीव लोखंडी नळखांब आहेत. त्यांच्या वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना ‘नाझोनी’, म्हणजे मोठ्या नाकाचे, असे म्हणतात. त्यांतून अखंड वाहणारे पाणी पिण्यायोग्य असते. बाटली भरत चला. जुलै-ऑगस्टमधील तेथील उष्मा वृद्धांसाठी खडतर असतो. २००३ सालच्या उष्णतेच्या लाटेत युरोपात जे हजारो मृत्यू झाले, त्यांत इटलीतील वृद्धांची संख्या मोठी होती. त्यामुळे तुम्ही निवडलेला सप्टेंबर महिना उत्तम आहे. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरही चांगले.

पाचव्या दिवशी चाके

पाचव्या दिवशी सकाळी रेल्वेने फ्लॉरेन्सला जा. वेगवान गाडीने दीड तास लागतो. मोटार शहराच्या मध्यभागी न घेता तेथील विमानतळावर घ्या; स्थानकाजवळून ट्राम थेट विमानतळापर्यंत जाते. असे करण्याला कारण आहे. इटलीतील बहुतेक ऐतिहासिक शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या वाहनांना मज्जाव असतो. त्या हद्दीवर लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा असतो. चुकून आत गेलात तर कोणी अडवीत नाही. दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते, आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचे नाव-पत्ता पोलिसांना कळविण्याचे शुल्क निराळे आकारते. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, रोम या सर्व ठिकाणी गाडी हद्दीबाहेरच्या वाहनतळावर लावून पायी आत जावे.

आपल्या परवान्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना तेथे आवश्यक आहे. तो आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो आणि एक वर्ष चालतो. यजमान आणि मुलगी या दोघांनीही तो काढावा, आणि भाडेकरारात दोघांचीही नावे चालक म्हणून घालावीत. हा खर्च वाचवू नका. दुसरा चालक असणे हाच पहिल्या चालकाचा विमा आहे. नातवाची उंची १५० सेंटिमीटरपेक्षा कमी असल्याने त्याच्यासाठी कायद्याने खास आसन लागते. तेही आधीच सांगून ठेवा. तेथे बहुतेक गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या असतात. वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, चाक डाव्या बाजूला आणि गिअर उजव्या हाताला, अशा तिहेरी बदलात आणखी क्लचचे ओझे नको. थोडे अधिक भाडे देऊन स्वयंचलित गिअरची गाडी घ्या. मेंदूची जी शक्ती वाचेल ती रस्त्याकडे लागेल.

खेड्यातील मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. शेतकऱ्याच्या घरी पाहुण्यांनी उतरण्याची ‘आग्रितुरिझ्मो’ ही पद्धत इटलीत रुजलेली आहे. १९८५ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. सिएनाच्या आसपास असे एक घर चार रात्रींसाठी घ्या आणि तेथून रोज एकाच दिशेला जा. रोज बिऱ्हाड हलविले, की रोज सामान, रोज नवा रस्ता आणि रोज उशीर होतो. फ्लॉरेन्सहून सिएनाला जाण्यास जलद रस्ता आहे, आणि कियान्तीच्या द्राक्षमळ्यांतून वळणे घेत जाणारा २२२ क्रमांकाचा जुना रस्ताही आहे. पहिल्या दिवशी जलद रस्त्यानेच जा. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आत आहे. वळणांचा रस्ता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. दक्षिणेला व्हाल दोर्चा खोरे आहे. २००४ साली युनेस्कोने तेथील भूदृश्यालाच जागतिक वारशाचा मान दिला. पिएन्झा, मोन्तेपुल्चानो आणि चौकातच गरम पाण्याचे कुंड असलेले बान्यो विन्योनी ही गावे त्याच परिसरात आहेत. एका दिवसात दोन गावे पुरेत.

आमच्या घरी आता काही नियम ठरून गेले आहेत. सलग दोन तासांपेक्षा अधिक चालवायचे नाही. अंधार पडल्यावर खेड्यातील रस्त्यावर असायचे नाही. डोळे जड झाले तर खिडकी उघडणे, गाणी लावणे, पान खाणे यांवर विसंबायचे नाही. सुरक्षित जागी थांबून एक कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटायचे. कॉफीचा परिणाम सुरू होण्यास तेवढाच वेळ लागतो. वळणांवर नातवाला मळमळत असेल तर निघण्यापूर्वी हलके खाणे, समोर दूरवर पाहणे, मोबाइल बाजूला ठेवणे आणि मोकळी हवा हे उपाय आधी करा. गाडी लागण्याच्या गोळ्या गुंगी आणतात; चालकाने त्या घेऊ नयेत. सर्दी-खोकल्याच्या औषधांविषयी मी काय सांगावे? चालकाला कोणतीही गोळी देण्यापूर्वी तिचे घटक वाचा.

बंद स्वयंपाकघर

मधुमेही चालकाला इटलीच्या खेड्यात एक धोका असतो, आणि प्रवासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख आढळत नाही. तो म्हणजे तेथील जेवणाच्या वेळा. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच. त्यानंतर खाणावळीचे स्वयंपाकघर बंद होते आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी बहुधा मिळत नाही. आपल्याकडे महामार्गावर तिसऱ्या प्रहरी मिसळ किंवा वडापाव मिळतो, तसे तेथील टेकडीवरच्या गावात गृहीत धरू नका.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी अथवा इन्शुलिन घेणाऱ्याने सकाळी मात्रा घेतली, गावात चार किलोमीटर चढ-उतार केला आणि तीन वाजता जेवण चुकले, तर साखर उतरते. घाम, कापरे, चिडचिड, धूसर दृष्टी ही तिची लक्षणे चाकामागे ओळखू येतातच असे नाही. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी बोटाच्या थेंबातून साखर तपासा. ९० पेक्षा कमी असेल तर आधी काही खा. ७० पेक्षा कमी असेल तर ग्लुकोज किंवा साखर घ्या, चावी दुसऱ्याच्या हाती द्या आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास चाकामागे बसू नका. चालकाच्या हाताशी, मागच्या डिकीत नव्हे, ग्लुकोजच्या गोळ्या, शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटे असावीत. घरून मात्र पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. कियान्ती हा द्राक्षारसाचा प्रदेश. ज्याच्या हाती चाक आहे त्याने तो दुपारी चाखूही नये. उपाशीपोटी घेतलेले मद्य आणि साखरेची गोळी एकत्र आल्यास साखर काही तासांनंतरही धोकादायकरीत्या उतरू शकते.

यजमानांच्या गोळ्यांपैकी कोणती साखर खाली ओढणारी आहे, प्रवासात मात्रा बदलावी का, इन्शुलिन असल्यास साडेतीन तासांच्या फरकाने त्याची वेळ कशी सरकवावी, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी महिनाभर आधी विचारा. ते उत्तर वर्तमानपत्री सदरातून देण्याजोगे नाही.

औषधांची पिशवी

सर्व औषधे हातातील सामानात, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक पुरतील एवढी ठेवा. विमानाच्या मालकक्षात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि उन्हात उभ्या मोटारीत तापून. गावात हिंडताना ते आपल्याबरोबरच न्या. डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह चिठ्ठी घ्या. आपल्याकडील कंपन्यांची नावे तेथील औषधविक्रेत्याला अनोळखी असतात. पॅरासिटामॉलला तेथे ‘पॅराचेतामोलो’ म्हटले की लगेच कळते. हिरव्या क्रूसाची पाटी म्हणजे ‘फार्माचिया’, औषधांचे दुकान. रात्री किंवा सुटीच्या दिवशी कोणते दुकान उघडे आहे, त्याची सूचना बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असू द्या; नातवालाही पाठ करवून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. तो कागदापुरता काढू नका. मधुमेह आणि रक्तदाब लपवू नका. जुना आजार न कळविल्यास नेमक्या वेळी दावा नाकारला जातो. पूर्वीच्या आजारातून उद्भवलेल्या तातडीच्या प्रसंगाला संरक्षण आहे का, ते करारात वाचून घ्या.

जिन्यासमोरचे रुग्णालय

सिएनात गेलात, की मुख्य चर्चच्या समोर, त्याच्या पायऱ्यांच्या पुढे असलेली सांता मारिया देल्ला स्काला ही इमारत अवश्य पाहा. ‘स्काला’ म्हणजे जिना. युरोपातील अतिप्राचीन रुग्णालयांपैकी हे एक. उत्तर युरोपातून रोमकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट सिएनावरून जात असे. थकलेल्या, आजारी पडलेल्या वाटसरूंना येथे आसरा, अन्न आणि उपचार मिळत. यात्रेकरूंच्या दालनाच्या भिंतींवर पंधराव्या शतकातील चित्रे आहेत. त्यांत रुग्णांची सेवा करणारी माणसे दिसतात. आज तेथे संग्रहालय आहे. त्या दालनात मी बराच वेळ उभी होते. ती माणसे महिनोन्‌महिने चालत येत, आणि तरीही वाटेत थांबण्यासाठी त्यांच्याकरिता एवढी मोठी वास्तू उभारली गेली. आणि आम्ही एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचवायला निघालो होतो.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तो पतींना वाचावयास दिला. गोळीची हकीकत त्यांना आज प्रथमच कळत होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझेही एक लिही. विमानतळावरून निघतानाच माझे डोळे मिटत होते. पण तू दोन महिने खपून बेत आखला होतास. म्हणून बोललो नाही.”

भगिनी, तुमच्या यजमानांना गाडी जरूर चालवू द्या. साखर आटोक्यात असेल, डोळे ठीक असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पाचव्या दिवशी सकाळी, पोटभर न्याहारी करून, मुलीला शेजारी बसवून त्यांनी चावी हाती घ्यावी. आणि निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एक करार करा : डोळे जड झाले तर तसे सांगायचे, आणि सांगणाऱ्याला कोणी हसायचे नाही, बेत बिघडला म्हणून कोणी रुसायचे नाही. तेवढा एक करार आम्ही केला असता, तर ओर्व्हिएतोच्या अलीकडचा तो खरखराट आम्हाला ऐकावा लागला नसता.